निम्मी गोळी

ता. ४ मार्च

माझी साल कुचकामी म्हणे! असं तू तुझ्या बापाला लिहिलंस आणि त्याने ते जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चाळीस वर्षं या घरातली गळवं नि फुटलेली ढोपरं मी डाळिंबाच्या सालीच्या काढ्याने धुतली. तेव्हा तू कुठे होतीस?

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. इथे सगळे ठीक, तुझा काका सोडून. त्याच्या पायाची जखम दोन महिने चिघळतेय. डॉक्टरने गोळ्या बदलल्या. त्या घेतल्या की त्याचं पोट जळतं आणि आरडाओरडा मी ऐकायचा. पन्नाशीचा घोडा झाला तरी आईच लागते. तुझ्या त्या प्रयोगाच्या बशीत माझ्या सालीचं नेमकं काय झालं, ते नीट कळव.

तुझी आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस सा. न.

बाबांनी अर्धंच वाचलं. आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जखमेतले जंतू वाढवले आणि वर कागदाच्या टिकल्या ठेवल्या. नुसत्या सालीच्या अर्काची टिकली ठेवली, जंतू ढिम्म. नुसत्या जंतू मारायच्या औषधाची ठेवली, तरी ढिम्म. दोन्ही एकत्र केल्यावर मात्र टिकलीभोवती स्वच्छ कडं पडलं! मग औषध निम्मं केलं, तरी कडं तेवढंच. आमच्या बाईंना खरं वाटेना, तीनदा करायला लावलं. साल जंतूचं दार किलकिलं करत असावी आणि औषध आत शिरत असावं, असा आमचा अंदाज.

आता तूही राग निम्मा कर. लोभ होता तेवढा परत द्यावा.

तुझी भिंगरी

ता. २९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

काकाच्या पायाचं एक बोट परवा डॉक्टरला कापावं लागलं. ताप उतरलाय, जेवतो.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी जखम काढ्याने धुवून, गोळी सुरीने कापून त्याला अर्धीच देत होते. डॉक्टरनेच कमी केली असं त्याला सांगितलं. बशीत निम्म्यात भागलं तर पायात का नाही, असं माझं डोकं. पोट जळायचं थांबलं, चार दिवस स्वारी खुशीत होती. मग ताप चढला, बोट काळं पडलं. गोळ्या पूर्ण घेतात ना, असं डॉक्टरने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं तेव्हा उरलेल्या अर्धुकांची वाटी पुढे ठेवली, तुझं पत्रही दिलं. तो म्हणाला, बशीत औषध जंतूंच्या उरावरच ठेवलेलं असतं, माणसात ते सगळं अंग फिरून पायाशी पोचतं. हे एक वाक्य तू लिहायला हवं होतंस. लिहिलं नाहीस. पण सुरी माझ्या हातात होती.

काकाला मीच सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय.

रडत बसू नकोस आणि बशा फेकू नकोस. या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस, तुझ्या बापानेही नाही. काकाच देईल. राग माझ्यावर, तुझ्यावर की दोघींवर, ते त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. कागद त्याच्या उशाशी ठेवलाय. तोवर तू गप्प राहा.

आजी