स्तामेन कुपेनोव यांच्या चाळिसाव्या दिवसाची प्रसिद्धी

४ ऑक्टोबर, गुरुवार
मीटिंग झाली. मालक राडोस्तिन (वय एकोणतीस, माझ्याहून चार वर्षांनी मोठा) म्हणाला, आपला 'थंड माती' हा भुताचा गेम २७ नोव्हेंबरला येतोय आणि खुद्द आपल्या यांबोल शहरात कुणाला त्याचं नाव माहीत नाही. परदेशात कंपन्या काहीतरी भयंकर करतात, लोक खवळतात, टीव्हीवाले धावत येतात, गेम खपतो. "लाचेझार, मला संताप हवाय," तो म्हणाला. मी वहीत 'संताप' लिहून खाली रेघ मारली.
माझं प्रोबेशन त्याच दिवशी संपतं. संताप झाला तर पर्मनंट, नाही तर ऑफिसची किल्ली परत.
आईला मी पर्मनंट झाल्याचं ऑगस्टमध्येच सांगितलंय. ते खोटं नाही. फक्त लवकर सांगितलंय.

५ ऑक्टोबर
कल्पना सुचली. सकाळी ७.१०, बसस्टॉपवर, खांबावरची निधनपत्रकं वाचताना. गेममध्ये जो म्हातारा मरून परत येतो त्याचंच पत्रक छापायचं आणि शहरभर लावायचं. लोकांना कळलं की मेलेला माणूस खोटा आहे, की बघायला नको.
राडोस्तिनने माझ्या पाठीवर थाप मारली. कॉलेज दुसऱ्या वर्षी थांबवलं (सोडलं नाही) याचं आज वाईट वाटलं नाही.

९ ऑक्टोबर
ऑफिसमधल्या चित्रकार युलियानाने फोटो तयार केला. तीन चेहरे मिसळलेत, म्हणजे तो कुणासारखाच दिसणार नाही. नाव स्तामेन कुपेनोव, वय ७१.
मरणाची बातमी देणारं पत्रक नको, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेचं हवं, असं मी ठरवलं. अंत्ययात्रा आधीच झाली असं लोक समजतील. आपोआप कुणाला त्रास नाही. मृत्यू आजच्या तारखेचा धरला, चाळिसावा दिवस १७ नोव्हेंबर, शनिवार. दोनदा मोजलं.
प्रार्थनेची जागा आणि वेळ नसेल तर पत्रक नकली वाटतं. म्हणून जुन्या दफनभूमीतलं छोटं चर्च, सकाळी अकरा, असं घातलं. अनोळखी माणसासाठी कोण येतंय?
तळाला ओळ: 'तो परत येणार आहे.' त्याखाली गेमच्या वेबसाइटचा पत्ता, अगदी बारीक अक्षरात. काळ्या चौकटीत मोठा पत्ता मला बरा दिसला नाही. सुरुची सांभाळूनसुद्धा संताप घडवता येतो.

१ नोव्हेंबर, सकाळी ६
१८० पत्रकं लावली. इमारतींची दारं, खांब, बाजार, पॉलिक्लिनिक.
आमच्याच गल्लीतल्या त्सोन्का आजी भेटल्या. माझी चिकटपट्टी सारखी गुंडाळत होती, ते बघून त्यांनी दुसरं टोक धरलं. "एकटाच लावतोयस, बाळा? घरात दुसरं कुणी नाही?" मी नाही म्हणालो. "तुझे कोण हे?" मी म्हणालो, कामाच्या निमित्ताने जवळचे. देव त्यांना क्षमा करो, असं म्हणून त्यांनी पंचवीस पत्रकं लावून दिली. माझ्यापेक्षा सरळ लावतात.

२ नोव्हेंबर
संताप नाही. अजून लवकर आहे.

५ नोव्हेंबर
वेबसाइटवर चार जण आले. तीन ऑफिसमधले. चौथा मी, घरून.

६ नोव्हेंबर
कॉफी प्यायला गेलो तर शेजारच्या टेबलावर दोन पेन्शनर स्तामेनवरून भांडत होते. एकाच्या मते तो कॅनिंगच्या कारखान्यात होता. दुसरा म्हणाला, "गप रे, तुला काय ठाऊक? रेल्वे डेपोत होता. माझ्याच शिफ्टला. शिडी न्यायचा आणि सांगितल्या दिवशी परत आणून द्यायचा." पहिला म्हणाला, मग तो तोच. कारखान्यातलाही असाच होता.
मी मध्ये पडून सांगणार होतो. पण दोघांनी ग्लास उचलून त्याच्या नावाने थोडी दारू जमिनीवर सांडली, आणि तेवढ्यात माझी कॉफी संपली.
तळाची ओळही लोकांनी वाचलीय. पॉलिक्लिनिकच्या दारात एक बाई दुसरीला म्हणत होती, घरची माणसं श्रद्धाळू दिसतात.

८ नोव्हेंबर
राडोस्तिन म्हणाला, लोक आपणहून चिडत नसतील तर चिडव. म्हणून इथल्या पेपरला 'एक संतप्त नागरिक' या नावाने पत्र पाठवलं: स्तामेन कुपेनोव यांचं पत्रक हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. पत्र चारदा तपासलं. एकही चूक नव्हती.
संध्याकाळी पेपरमधल्या बाईंचा फोन. (नंबर द्यावा लागतो, म्हणून दिला होता.) मेलेल्या माणसाशी काय वैर आहे तुमचं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही. "मग त्याला चाळीस दिवस तरी सुखाने जाऊ द्या. काय माणसं असतात एकेक." मी सॉरी म्हणालो.
दुसऱ्याच्या वतीने सॉरी म्हणणं हेही एक कौशल्य आहे.

१० नोव्हेंबर, शनिवार
नवा प्लॅन: जुनी पत्रकं काढायची, त्यांच्या जागी रक्ताने माखलेली लावायची. लाल रंग थोडा भडक झालाय, पण मी बोललो नाही. प्रोबेशनमध्ये रंगावर बोलू नये.
पहिली दोन निघाली. तिसरं काढताना पाठीत छत्री बसली. त्सोन्का आजी. "मेल्याचा कागद फाडतोस? तूच लावलास ना रे?" मी म्हणालो, आजी, दुसरं लावायचंय. "दुसरं सहा महिन्यांनी लावतात. हे ऊन-पावसाने पडेल तेव्हा पडेल. तुझ्या आईला सांगू का?"
मी रक्ताळलेली पत्रकं कोटाच्या आत सरकवली.
घरी येऊन बघतो तर काढलेल्या दोन पत्रकांपैकी एक आपलं नव्हतंच, खरोखर गेलेल्या एका बाईंचं होतं. परत जाऊन लावून आलो. सरळ लावलं.

१३ नोव्हेंबर
आई पत्रक वाचून आली आणि बटाटे सोलायला बसली. सोलता सोलता म्हणाली, हा माणूस माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्याशी नाचला होता. शिटी वाजवत नाचायचा.
मी ठरवलं, आईला तरी खरं सांगायचं. सुरुवात केली: आई, हे पत्रक आमच्या ऑफिसने काढलंय. तिचे डोळे भरून आले. "किती चांगलं ऑफिस आहे रे तुझं. एका म्हाताऱ्यासाठी एवढं. आणि तू तिथे पर्मनंट."
पुढचं उद्या सांगायचं ठरवलं.

१४ नोव्हेंबर
नाही सांगितलं. ती कामात होती.

१६ नोव्हेंबर
राडोस्तिनचा शेवटचा शब्द. उद्या चर्चमध्ये कुणी ना कुणी येणारच. सगळे गोळा झाले की मी पुढे होऊन सांगायचं, माणूस खोटा, गेम खरा. मग गेमची जाहिरातपत्रकं वाटायची आणि ते खवळतील त्याचा व्हिडिओ काढायचा. "म्हातारी माणसं रडता रडता शिव्या देतायत, याहून मोठी जाहिरात नाही. हे केलंस तर सोमवारी पर्मनंट. नाही केलंस तर २७ तारखेची वाट बघायचीही गरज नाही."
भाषण लिहिलं. चार वाक्यं. आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. आवाज उत्तम लागतोय.

१७ नोव्हेंबर, शनिवार
१०.४० ला पोहोचलो. सहा-सात जण असतील असा अंदाज होता. सदतीस होते. हातात फुलं, मेलेल्यांसाठी नेतात तशी सगळ्यांची सम संख्येत. त्सोन्का आजींनी उकडलेल्या गव्हावर पिठीसाखर पसरून त्यावर क्रॉस काढून आणला होता. आई काळा रुमाल बांधून आली होती. शिडीवाले पेन्शनर पहिल्या रांगेत. फादरनी विचारलं, नातेवाईक कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कबर कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. मी सांगायला विसरलो असेन असं त्यांना वाटलं असावं.
प्रार्थना झाली. फोन वरच्या खिशात, कॅमेरा चालू. पत्रकं पिशवीत. मी पुढे झालो आणि म्हणालो, स्तामेन कुपेनोव या माणसाबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे.
आईने हात छातीवर घेतले. शिडीवाल्यांनी टोपी काढली.
मी म्हणालो, ते घेतलेली वस्तू सांगितल्या दिवशी परत द्यायचे.
एक जण 'खरंय' म्हणाला. मग मी म्हणालो, लग्नात शिटी वाजवत नाचायचे. मग जे सुचेल ते. बराच वेळ बोललो असेन, कारण मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या होत्या. शेवटी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ते थंडीमुळे असावं.
पत्रकं वाटली नाहीत. वाटायची तशी संधी नव्हती.

१९ नोव्हेंबर, सोमवार
राडोस्तिनने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. अकरा मिनिटं. युलियाना खिडकीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. राडोस्तिन ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "गेमचं नाव तरी घ्यायचंस." मी ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली. ती बरोबर मधोमध ठेवली गेली.
हे अचानक झालेलं नाही. मार्केटिंगपासून थोडं लांब राहायचा माझा विचार होताच.

२० नोव्हेंबर
आईला सांगितलं, काही दिवस सुट्टी आहे. तिने कारण विचारलं नाही. दुपारपर्यंत तिने जिन्यातल्या सगळ्यांना सांगून टाकलं की जवळचं माणूस गेलं म्हणून ऑफिसने लाचेझारला सुट्टी दिली. आतापर्यंत चार जण दारात येऊन माझा हात हातात धरून गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर मिठीच मारली, बराच वेळ सोडलं नाही.
चौघांनाही मी थँक्यू म्हणालो.