रियाच्या गुरुवारांची तजवीज

मी, काशिराम धोंडू मोकल, वय एकोणऐंशी, पूर्वी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, सध्या पलंगावरून सूचना देणारा, राहणार करंजाडे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, कोणाच्याही दाबाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवतो. सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूने माझी उजवी बाजू गेली, डोकं गेलेलं नाही. खातरजमेसाठी डॉ. अनुया प्रधान यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्या "पुरे, पुरे" म्हणत असताना मी दोनपर्यंत जाऊन पोचलो.

हात चालत नाही, म्हणून मी सांगतो आणि चंद्रावती लिहून घेते. घरातल्या आजारी माणसाचं जे वर्षानुवर्षं करतात, त्यांना आठवड्यातून चार तास मोकळे मिळावेत म्हणून 'उसंत' नावाची संस्था शिकवून तयार केलेली बाई पाठवते. आमच्याकडे दर गुरुवारी चंद्रावती येते. या मृत्युपत्रातून तिला काहीही मिळणार नाही, हे तिने सगळ्यात आधी माझ्याकडून वदवून घेतलं.

१. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तो मी माझी सून रिया हिला, एकटीला, देत आहे. मुलगा भावेश याला हे आधीच सांगितलं आहे. "मग बाबा, मी कुठे राहायचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तिला विचार." तेव्हा हसला. पोरगा मनाचा मोठा आहे, फक्त घरी कमी असतो. रियाने माझ्यापायी खारघरच्या कॉलेजातली, ग्रंथालयातली नोकरी सोडली. सोड असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. नको सोडूस असंही कोणी म्हटलं नाही, आणि त्या न म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो.

२. माझी हत्यारं, म्हणजे पाने, पकडी आणि हातोड्या, ट्रंकेसकट भावेशला. पाना कुठून धरायचा हे त्याला ठाऊक नाही, पण गेल्या दिवाळीपासून दर रविवारी मला आंघोळ तोच घालतो. पहिल्या रविवारी त्याने माझ्या डोळ्यांत साबण घातला आणि मग आम्ही दोघंही रडलो. त्याच्या डोळ्यांत साबण गेला नव्हता. बाळा, मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे तोंडाने सांगायचं राहून गेलं होतं.

३. आईचा तांब्याचा हंडा माझी धाकटी बहीण गुणाबाई, राहणार कोन गाव, हिला. चाळीस वर्षं तिचा त्यावर डोळा आहे. मात्र अट अशी की, माझ्या हयातीत तिने एक अख्खा दिवस, सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या चहापर्यंत, माझ्यापाशी बसावं आणि रियाला बाहेर जाऊ द्यावं. चंद्रावती यायला लागली तेव्हा गुणाबाई दारातच म्हणाली होती, "दादा, घरान सून हाय ना? मंग भायेरची बाय कशाला? लोकं काय बोलतील?" लोकं काय बोलतील ते ऐकायला मी तयार आहे. गुणे, तू कधी येतेस ते सांग. हंडा घासून ठेवला आहे.

४. बँकेत जी काही ठेव शिल्लक असेल ती, माझा वरखाली होणारा पलंग आणि चाकाची खुर्ची 'उसंत'ला. भावेशने व गुणाबाईने यावर तंटा करू नये. अशा मदतीचा उपयोग कसा करायचा हे आम्हालाही आधी कळलं नव्हतं, म्हणून पुढच्या घरांसाठी लिहून ठेवतो. पहिल्या गुरुवारी चंद्रावती येणार म्हणून रिया पहाटे उठून घर पुसत होती. आलेल्या बाईला पोहे, चहा, वर खोबऱ्याची वडी. दुसऱ्या गुरुवारी तिच्यासाठी साग्रसंगीत जेवण. तिसऱ्या गुरुवारी हळदीकुंकू लावून ब्लाऊजपीस! चार तासांची उसंत मिळायची सोडून रियाला चार तासांचं काम वाढलं. शेवटी चंद्रावती कमरेला पदर खोचून उभी राहिली. "ताय, मी पावनी नाय. पोहे खायाला येत नाय मी. तुमी चपला घाला नि जा बगू."

चौथ्या गुरुवारी रिया गेली.

५. हे कलम मिळकतीचं नाही. वकिलांनी ते मृत्युपत्रात बसत नाही म्हणून सांगितलं आहे, तरी घालावं.

त्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे गेल्या जूनमध्ये, रिया खारघरला त्याच कॉलेजात मुलाखतीला गेली होती. निळी साडी नेसली होती. माझ्या पाया पडली, मी तोंडभर आशीर्वाद दिला. ती गेल्यावर तासाभरात मला धास्ती बसली. हिला नोकरी लागली तर माझं कोण बघणार? चंद्रावती आत स्वयंपाकघरात माझ्यासाठी भात कालवत होती. मी डाव्या हाताने फोन लावला आणि म्हणालो, "रिया, छातीत कळ येतेय."

कळ येत नव्हती. रिया मुलाखतीच्या खोलीबाहेरून उठून रिक्षाने घरी आली. तिने मला दवाखान्यात नेलं, कार्डिओग्राम काढला, चांगला निघाला. "देव पावला," असं म्हणून ती माझ्या पायाशी बसली. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. कॉलेजातली ती जागा मग दुसरीला मिळाली. तेव्हापासून रिया गुरुवारी इमारतीच्या गेटाबाहेर जात नाही, खालच्या बाकावर चार तास बसून वर येते. आता तिथे पुन्हा जागा निघाली आहे आणि ती अर्ज करत नाही. म्हणते, "तुम्हाला परत दुखलं तर?"

सूनबाई, मी खोटं बोललो. माझ्या मागे हे वाचून मला क्षमा कर.

६. वरचं कलम सांगून झाल्यावर चंद्रावतीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "बाबा, तुमी मेल्यावर हिला कललं तर काय उपेग? अर्जाची तारीक पंदरा हाय."

मी म्हटलं, "तोंडाने नाही सांगता येणार गो."

"मंग कागूद द्या."

रिया बाकावरून वर आली, तेव्हा मी कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्यानेच वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. "बाबा, एवढं सांगायला मृत्युपत्र करावं लागलं तुम्हाला? पाच महिने झाले, रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मी तुमच्या छातीवर हात ठेवून बघते. रोज. घाबरत घाबरत." ती रडली नाही, फार चिडली. दोन दिवस कामापुरतंच बोलली, आणि ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या उजव्या हाताची बोटं चोळता चोळता म्हणाली, "फॉर्मवर अनुभव किती वर्षं लिहू? मधली सहा धरू का?"

मी म्हटलं, "धर. दाखल्यावर अंगठा माझा घे."

सबब जाहीर करतो की, रियाला नोकरी लागल्यास माझी दिवसाची व्यवस्था भावेश लावील. तोवर व त्यानंतरही दर गुरुवार रियाचा स्वतःचा राहील. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, मी समजून घेतलं आणि खालील साक्षीदारांसमक्ष डाव्या हाताचा अंगठा उठवला.

काशिराम धोंडू मोकल (डावा अंगठा)

साक्षीदार:
१. डॉ. अनुया प्रधान, पनवेल
२. विश्वजीत साठे, तळमजल्यावरचे शेजारी

लेखनिक: चंद्रावती घरत

करंजाडे, गुरुवार, दिनांक १३ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेअकरा.

अंगठा उठवतेवेळी रिया घरी हजर नव्हती. ती अर्ज द्यायला खारघरला गेली आहे. माझा फोन ती येईपर्यंत चंद्रावतीच्या पिशवीत ठेवावा, असं मीच सांगितलं आहे.