प्रोग्राम आहे, सेटर नाही

६ मार्च, गुरुवार
कंपनीला सुट्टी. जीनचा रिपोर्ट आला — माझ्याकडून मूल होणार नाही. रडू येईल वाटलं होतं, उलट भूक लागली! बायकोला, तेजस्विनीला, मिसळ खायला घेऊन गेलो. लग्नाला पाच वर्षं झाली, तेव्हापासून स्वतःलाच बोल लावत होतो. भट्टीच्या धगीत काढलेली दोन वर्षं, गुटखा, सगळं आठवायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही काही केलेलं नाही." जीव हलका झाला.

७ मार्च
विसरण्याआधी लिहून ठेवतो. शुक्राणू घडवायचे जीन अंगातल्या प्रत्येक पेशीत असतात. कातडीत, लिव्हरमध्येसुद्धा. पण चालू होतात फक्त अंडकोषात, कारण तिथेच एक खास प्रथिन तयार होऊन त्यांना चिकटतं आणि चालू करतं. माझं ते प्रथिनच बनत नाही. म्हणून पेशी अर्ध्या वाटेत थांबतात.
मला लगेच कळलं. आमच्या कंपनीत प्रत्येक सीएनसी मशीनमध्ये सगळे प्रोग्राम भरलेले असतात. माझ्यासारखा सेटर त्यातला जो प्रोग्राम लावेल, तोच पार्ट मशीनमधून निघतो. तेजस्विनी म्हणाली, "चाकणला जाऊन लोकांची मशीनं लावतोस, आणि घरचाच सेटर गैरहजर!" हसून हसून ठसका लागला.

१० मार्च
एक गोष्ट मात्र सलतेय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आई-वडील नात्यातले?" आई म्हणजे वडिलांच्या, आबांच्या, सख्ख्या मामाची मुलगी. त्या प्रथिनाच्या जीनची बिघडलेली प्रत मला दोघांकडून आली. धाकट्या भावात, विक्कीतही तेच असू शकतं — चारात एक. आणि येत्या रविवारी त्याचा साखरपुडा. मुलगी कासारवाडीच्या मामाची पिंकी.

१३ मार्च, गुरुवार
आईला सांगितलं. भाकरी थापता थापता हात थांबले. "म्हंजी माझ्या अन् आबांच्या लग्नाचा दोष?" दोष कुणाचाच नाही गं, म्हटलं. फार वाईट वाटलं. मग म्हणाली, "तुझं झालं ते झालं. विक्कीचं नको मोडू. गप ऱ्हा." ताटात एक भाकरी जास्तच वाढली.

१४ मार्च
गप्प बसलो तर पिंकी आमच्या भरवशावर फसणार. मूल नाही म्हणून तेजस्विनीला बायकांनी काय काय ऐकवलंय, मला माहीत आहे. शिफ्टला जायच्या आधी विक्कीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तपासून घेतो. पिंकीला मीच सांगतो." शहाणा झालाय.

१६ मार्च, रविवार
साखरपुडा पुढे ढकलला. आई माझ्याशी बोलत नाही. चहा मात्र वेळेवर देते.

१७ एप्रिल, गुरुवार
विक्कीचा रिपोर्टही माझ्यासारखाच. मामाने परवाच फोनवर संबंध मोडला. आज सकाळी पिंकी एकटीच आली. आईसमोर बसली आणि म्हणाली, "आत्या, दादा-वहिनीचं घर पाच वर्षं बघतेय. मला विक्कीबरोबर तसंच घर पाहिजे."