पळसाच्या दीडशे पत्रावळ्या

पंचशीला,

पहिल्या गाडीनं मी औशाला साखराबाईकडं चालले. तिच्या बांधावरचा पळस अजून हिरवा आहे. तुझ्या भाचीच्या नामकरणाला लागतील त्या दीडशे पत्रावळ्या आम्ही बहिणी दोन दिवसांत टाचू.

काल तुझा बाप साहेबराव म्हणाला, "थर्माकोल नको तर ताटं कशानं घासायची? टँकर आठ दिवसाला येतो, ठावं न्हाई का?" तू रडलीस, पण "तसल्या प्लेटीत मी न्हाई जेवणार, बाबा," हे मागं घेतलं नाहीस. दोघांचंही खरं होतं. उपाय मला ठाऊक होता, तरी मी गप्प बसले. माझं चुकलं.

पत्रावळी म्हटलं की साहेबरावला आपली गरिबी आठवते. बहात्तरच्या दुष्काळात त्याच विकून मी त्याला वाढवलं. लातूर जिल्हा झाला, तेव्हा वस्तीच्या जेवणालाही माझ्याच हातच्या होत्या. मला त्याची कधी लाज वाटली नाही.

थर्माकोलची ऑर्डर मी काल संध्याकाळीच मोडून आले. बापाला आल्यावर मीच सांगेन. पंगतीत त्याच्यापुढं पत्रावळ मात्र तू मांड, मान वर करून.

तुझी आजी