ढोलवाल्याचा वारस

शिरवणे, नेरूळ
रविवार, संध्याकाळ

चि. निकेश यास,

मामाचे आशीर्वाद. बंगळुरूची हवा एव्हाना तुला मानवली असेल आणि पोटाची तक्रार मिटली असेल असं धरून चालतो (मिटली नसेल तर तिकडचं आंबवलेलं पीठ रात्रीचं खाऊ नकोस). तुझी आई परवा मासळी बाजारात भेटली. तब्येत ठणठणीत आहे. पापलेटवालीने शेवटी हात जोडले, यावरून ओळख. तुझ्या मामीचा गुडघा दुखतो. माझं काहीच दुखत नाही, फक्त झोप लागत नाही, पण त्याला या वयात आजार म्हणत नाहीत. पत्र लिहिण्याचं कारण तातडीचं आहे. आज दुपारी आपला ढोलवाला मेला. घाबरू नकोस, गावातला नव्हे. इंचभर उंचीचा होता, टेबलावरचा.

तू निशांतच्या तेराव्याला आलास, त्यानंतर इकडे फिरकला नाहीस, म्हणून मधलं सगळं सांगणं आलं. तुम्ही दोघांनी कॉलेजात असताना जो खेळ सुरू केलात (बोटाएवढे शिपाई रंगवायचे, टेबलावर डोंगर-नदी मांडायची, मोजायची टेप लावून शिपाई पुढे सरकवायचे आणि फासे टाकून एकमेकांना मारायचं) त्याला मी आयुष्यभर नावं ठेवली. माझा पोरगा तिशीला आला आणि बाहुल्या रंगवतो, असं मी चारचौघांत बोलायचो. मग तो गेल्यावर, महिन्याभराने, संध्या आणि प्रीतम घरी आले. संध्या म्हणजे नेरूळला गणिताचे क्लास घेते ती, जिच्या मागच्या खोलीत हे टेबल आहे. आणि प्रीतम कळंबोलीचा, ज्यांचे ट्रक आहेत तो. दोघं निशांतचं सैन्य परत द्यायला आले होते, पण हात रिकामे. चहा झाला, बिस्किटं झाली. शेवटी प्रीतम म्हणाला, काका, सैन्य उचलायला गेलो पण मोहीम अर्धी राहिलीय, तशीच मांडलेली हाय, हात नाय लागत. मी विचारलं, चाल कोणाची होती? तर संध्या म्हणाली, निशांतची. मी म्हटलं, मग येतो रविवारी. का म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. चाल अडवून ठेवायची नाही, एवढंच डोक्यात आलं.

तेव्हापासून रविवार चुकवला नाही. आता मी नियम शिकलोय असं मी म्हणतो, बाकीचे म्हणत नाहीत. प्रत्येक शिपायाची काही खास ताकद असते ही गोष्ट मला पटली (आपल्या भावकीतही तसंच आहे), पण ती कुठून सुरू होते आणि कुठे संपते यावर फार भांडणं होतात. तो हिरव्या टोपीचा हेर, त्याची ताकद अदृश्य होण्याची. मी त्याला अदृश्य केलं म्हणजे शर्टाच्या खिशात ठेवलं. त्यात काय चुकलं? जो दिसत नाही तो टेबलावर कसा दिसेल? संध्याने रात्री फोन करून सांगितलं, काका, तो टेबलावरच राहतो, आपण फक्त तो दिसत नाही असं मानायचं. म्हटलं, बाई, हे आधी सांगायचं. तोवर मी घरी पोचलो होतो आणि शर्ट मशीनमध्ये गेला होता. हेर सापडला, पण टोपीचा हिरवा रंग गेला. निशांतने त्या टोपीला तीन छटा दिल्या होत्या म्हणे. उजेडाच्या बाजूला फिकट, सावलीला गडद. मला त्या कधी दिसल्याच नव्हत्या, धुऊन गेल्यावर कळल्या. तुझ्या मामीने आपल्या नेलपॉलिशने टोपी रंगवून दिली. हेर आता लाल टोपी घालून अदृश्य होतो. प्रीतम हसला नाही. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

ढोलवाल्याची ताकद तुला माहीतच आहे: त्याच्यापासून सहा इंचांच्या आत जे शिपाई असतील ते घाबरून मागे सरत नाहीत. सहा इंच कुठून मोजायचे यावर एक अख्खा रविवार गेला. ते म्हणतात, त्याच्या पायाखालच्या चकतीपासून. मी म्हणतो, ढोलापासून, आणि तेही वाऱ्याची दिशा बघून; शिरवण्यात ढोल वाजला की पलीकडच्या कुकशेत गावातल्या माणसाचे पाय हलतात, हे काय त्याची चकती मोजून? त्या दिवशी मी हरलो. पण ढोलवाल्याच्या जिवावर आपली उजवी फळी इतके महिने उभी होती, हे प्रीतमही कबूल करतो.

आज प्रीतमने तोफ डागली आणि फासे असे पडले की ढोलवाला गेला. मेलेला शिपाई ज्याचा त्याने उचलून डब्यात ठेवायचा असतो. मी नाही उचलला. मी त्याला आडवा केला आणि शेजारच्या भालेवाल्याला त्याच्या जागी सरकवून म्हटलं, हा याचा भाऊ, ताकद याच्याकडे आली.

"काका, असं नाय होत," प्रीतम म्हणाला. "मेला म्हनजे मेला. टेबलाभायेर."

"मेला ते मान्य. वारस लागतील की नाही?"

"अहो इकडं सातबारा नाय चालत, काका!"

"सगळीकडे चालतो. माणूस जातो, नाव कमी होतं, वारसाचं लागतं. ताकद काय हवेत सोडायची?"

(वारसाचं मला शिकवू नये कोणी. निशांतच्या कागदांच्या वेळी मला कळलं की बिनलग्नाच्या मुलाची पहिली वारस आई, बाप मागच्या रांगेत. तेव्हापासून तुझी मामी म्हणते की सैन्य तिचं आहे, मला नुसतं कसायला दिलंय, आणि टोप्या नीट ठेवल्या नाहीत तर काढून घेईल.)

मग मी तुमचाच नियम पुढे केला. निशाणवाला पडला तर शेजारच्या शिपायाला निशाण उचलता येतं, आणि निशाणाची ताकद चालू राहते. हे तू आणि निशांतने मिळून ठरवलंत, मूळ पुस्तकात नाही. मग निशाण उचलता येतं तर ढोल का नाही? प्रीतम नुसते फासे घोळवायला लागला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात संध्या, जी कधी आवाज चढवत नाही, ती हळूच म्हणाली, "काका, निशाण ही वस्तू आहे. कोणीही धरलं तरी ते निशाणच. ढोल वाजवणं त्याच्या हातात होतं. वाजवणारा गेला की उरतं ते लाकूड आणि कातडं."

तिचं हे वाक्य मी घरापर्यंत बरोबर आणलं, निकेश. आता लिहितानाही ते समोरच आहे. महिनोन् महिने मी निशांतच्या जागी उभा राहून त्याचे फासे टाकतोय. कुठला शिपाई कधी पुढे काढायचा हे त्याला कळायचं, मला कळत नाही; मी आपला सरकवतो. तेव्हा तिने ढोलवाल्याबद्दल जे सांगितलं ते नुसतं ढोलवाल्याबद्दल होतं असं मी समजून चाललोय. पोरगी भली आहे, लगेच तिचे डोळे भरले आणि तिने सगळ्यांना सरबत केलं.

तर मुद्दा असा. ढोल उचलता येतो की नाही? तुम्हा दोघांत याबद्दल काय ठरलं होतं? नियम तुम्ही केलेत आणि दोघांतला आता तूच विचारण्यासारखा उरलास. प्रीतम म्हणाला, निकेश बोलंल ते फायनल. उचलता येत असेल तर मोहीम चालू. नसेल तर उजवी फळी मागे सरते, प्रीतम जिंकतो आणि टेबल आवरायचं. संध्याला ती खोली दहावीच्या नव्या बॅचसाठी हवीच आहे. ती बोलत नाही इतकंच. आणि आवरायचं म्हणजे निशांतने आपल्या हाताने मांडलेली ती नदी, तो पूल, ते सगळं काढायचं. त्यातला पूल अजून त्याने ठेवला तिथेच आहे. माझी कोपरं फार लागतात, पण पुलाला लागू दिली नाहीत.

तोवर ढोलवाला टेबलावर आडवा आहे. उचललेला नाही, उभाही नाही. वकिली भाषेत जैसे थे.

अधिक काय लिहू. मन लावून काम कर, वेळेवर जेव.

तुझा,
रामचंद्र मामा

ता. क. : उत्तर कागदावर पाठव, खाली सही आणि तारीख घाल. मोबाईलवर आलेला निकाल मी मानणार नाही. तोंडी शब्दावर माझ्या वडिलांनी जन्मभर विश्वास ठेवला आणि जन्मभर वाट बघितली.

ता. क. २ : मामा वाईट वाटून घेईल म्हणून माझ्या बाजूने लिहू नकोस. जे ठरलं होतं तेच लिही. 'उचलता येत नाही' असं असेल तर तेवढे तीन शब्द पुरेत. मी स्वतः डबा घेऊन जाईन आणि सगळं नीट आवरीन. ऐकण्याची ताकद आहे माझ्यात.

ता. क. ३ : निकेश बाळा, मी दमयंती मामी. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, मी चिकटवण्याआधी वाचलं. ऐकण्याची ताकद नाहीये त्यांच्यात. निशांत गेल्यावर ते चार-चार दिवस एक शब्द बोलायचे नाहीत, ताट समोर तसंच राहायचं. आता रविवारी भांडून येतात आणि भांडता भांडता दोन भाकऱ्या जास्त खातात. तेव्हा 'हो' लिहू नकोस, कारण मग भांडण संपलं. 'नाही' तर मुळीच लिहू नकोस. त्यांना लिही की प्रश्न फार अवघड आहे, तू आणि निशांत यावर खूप बोलला होतात, सगळं आठवून बघायला तुला वेळ लागेल. आणि जे जे आठवेल ते थोडं थोडं लिहून पाठवत राहा. तो काय म्हणाला, कसा हसला, कशावरून चिडला. नियमाचं नसलं तरी चालेल. मी वाचून दाखवीन त्यांना.