काटे खाली सोडून

मी, ओउला मग्गा, धंदा रेनडियरपालन, राहणार एनोन्तेकियोच्या उत्तरेला तळ्याकाठी. माझी फुप्फुसं गेली, पण डोकं जाग्यावर आहे. कुणाच्या दडपणाखाली न येता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

घर आणि कळप पुतणी रिस्तेनला. जनावरं किती, ते लिहीत नाही. आमच्यात ते विचारत नाहीत, वकिलानेही विचारू नये. जनावरांच्या कानांवरची माझी खूण ती ओळखते.

स्नोमोबाइलही तिलाच. पत्नी बिरेतचं हृदय अधू झालं, तेव्हा डोंगरावरच्या भुसभुशीत बर्फातून तिला हमरस्त्याला नेता यावं म्हणून मी गाडीला उंच दातांचा पट्टा बसवला. तो आत घासू लागला, म्हणून पट्टा फिरवणारी चाकं लहान घातली. मग कंबरभर बर्फातही गाडी अडेना. पण तळ्याच्या कडक बर्फावर बर्फाचा भुगा उडून गाडीच्या आत जात नाही, आणि भुग्याशिवाय इंजिन थंड राहत नाही. त्यासाठी मागे बर्फ खरवडणारे दोन काटे लावले.

रिस्तेनचा बाप, माझा धाकटा भाऊ योव्ना, शर्यतीला मिरवायला तीच गाडी तळ्यावरून घेऊन गेला. "काटे खाली सोड," मी बजावलं होतं. त्या दुपारी बिरेतच्या छातीत कळ आली. वादळात हेलिकॉप्टर उडेना. तिला योव्नाच्या साध्या गाडीवर घालून निघालो, ती पहिल्याच चढाला रुतली. "भावजी येतील हो, धीर धरा," असं मलाच म्हणत ती माझ्या मांडीवर गेली.

भावजी अंधारात चालत आले. इंजिन तळ्याच्या मध्यावर जळालं होतं. म्हणाला, "दादा, त्या काट्यांची खरखर डोक्यात जात होती रे. वर अडकवून टाकले."

इंजिन मी पुन्हा उभं केलं. योव्ना रोज सूप आणून दारात ठेवतो. मी पितो, बोलत नाही. मरताना माफ करावं म्हणतात; मला जमलं नाही.

योव्नाला माझ्या मालमत्तेतलं काही नाही, एक काम आहे. माझी शवपेटी त्याच गाडीमागे घसरगाडीवर बांधून चर्चला न्यावी. उन्हाळ्यात मेलो तर तळं गोठेपर्यंत ठेवून द्यावं. रस्ता तळ्यावरूनच. चालवणार योव्ना, दुसरं कुणी नाही. काटे सगळा रस्ता खाली. पलीकडे पोचल्यावर त्याने इंजिनावर हात ठेवून बघावा. तापलेलं नसेल.

सही: ओउला मग्गा
साक्षीदार, दोघेही नात्याबाहेरचे, माझ्यासमोर सही करणारे: अर्मास केस्कितालो, हिल्का पाल्टो
ठिकाण: माझं स्वयंपाकघर, एनोन्तेकियो
तारीख: ११ जानेवारी २०१९