कोमट फरशी आणि घड्याळवाल्या काकांचं वीजबिल

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा लांबूनच साष्टांग नमस्कार (जवळ आलो तर कान धराल, हे ठाऊक आहे). तुमच्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल, आणि नसेल पडला तर त्यावरही या पत्रात उपाय आहे, धीर धरा. मामींचा खोकला कसा आहे? त्यांना सांगा, मी वेळेवर जेवतो, अंगभर कपडे घालतो आणि हल्ली कुणाशी भांडत नाही. (एकाशीच भांडलो. ते पुढे येईलच.)

आईने तुम्हाला कळवलं असेल की पोरगा कॉलेज सोडून लोकांच्या अंगणात खड्डे खणत फिरतो. आईला मुद्दा कळलेला नाही. खड्डे नव्हेत, बोअर. आणि पाण्यासाठी नव्हे, उबेसाठी. कॉलेजचं म्हणाल तर उष्णतेच्या तासाला सरांशी माझा वाद झाला, त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं, मी थेट कॉलेजबाहेरच निघालो. अर्धवट बाहेर पडणं माझ्या स्वभावात नाही. नोकरी मात्र त्याच विषयातली मिळाली, जमिनीतल्या उबेवर घर तापवणारे पंप बसवणाऱ्या कंपनीत, म्हणजे वाद फुकट गेला नाही.

तर हा पंप काय करतो ते तुम्हाला फ्रीजवरून सांगतो. फ्रीज आतल्या भाजीतली ऊब काढतो आणि मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. आमचा पंप फ्रीजचाच मोठा भाऊ. बाहेर बर्फ पडो नाहीतर आणखी काही, जमीन खोलवर बारा महिने एकसारखी असते. तिच्या पोटात नळी सोडायची, नळीतून पाणी फिरवायचं, ते जी थोडीशी ऊब घेऊन येईल ती पंपाने पिळून काढायची आणि घराच्या फरशीखालच्या नळ्यांत सोडायची. वीज लागते ती फक्त पिळायला. एक भाग विजेचे पैसे तुम्ही द्या, वरचे दोन-तीन भाग ऊब जमीन देते, आणि जमीन बिल पाठवत नाही. (हे वाक्य माझं आहे. मालकांनी ते आमच्या पत्रकावर छापलं आणि माझं नाव घातलं नाही. तेव्हाही मी भांडलो नाही, याची नोंद घ्यावी.)

आता मूळ गोष्टीकडे येतो. चौकाच्या कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावून आत बसतात आणि बाहेर काउंटरवर त्यांची मुलगी. ती पट्टे विकते. मामा, माझ्याकडे आज घड्याळाच्या पट्ट्यांचा ढीग आहे, आणि घड्याळ एकही नाही. यावरून काय ते समजा. एक दिवस पट्टा बांधून देता देता ती म्हणाली, की घरात खोलीखोलीला विजेची शेगडी लावूनही हातपाय गार पडतात, आणि बिल पाहून बाबाही गार पडतात. मी तिथल्या तिथे काकांना शब्द दिला: तुमच्या घरी जमिनीतल्या उबेचा पंप बसवतो, गेल्या हिवाळ्याच्या निम्म्याहून जास्त बिल आलं तर माझ्या हाताने उपटून नेईन आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही. शब्द तोंडातून गेल्यावर लक्षात आलं, की पाऊल ठेवायची मुभा हीच तर माझी सगळी कमाई.

बसवायचा खर्च मोठा, ते लपवत नाही. तेवढ्यात बरी गाडी आली असती. शिवाय बोअरच्या गाडीने काकूंची गुलाबाची रोपं चिखलात निजवली. त्या दिवसापासून काकूंच्या हातून माझ्या चहात साखर पडेना. मी तोही हसत प्यायलो. प्रेमात माणूस काय काय पितो.

थंडी सुरू झाली, पंप सुरू झाला, आणि पहिल्याच आठवड्यात मालकांना फोन: मशीन बिघडलंय, पोराला पाठवा. गेलो तर काका फरशीवर पालथे पडून गाल टेकवून बसलेले. (पालथा माणूस बसलेला कसा, विचारू नका. काकांना जमतं.) म्हणाले, "कोमट आहे." मी म्हणालो, कोमटच असते. म्हणाले, "शेगडी कशी, हात लावला की ओरडावं लागतं. याला म्हणतात गरम!" मी भिंतीवरचं तापमान दाखवलं: खोली छान उबदार, काका नुसत्या सदऱ्यावर, कपाळाला घाम. पण नाही. ज्याने चटका बसत नाही ती ऊब काकांना मान्यच नव्हती.

त्यात पहिलं बिल आलं, आणि ते गेल्या वर्षीपेक्षा जास्त. मामा, मी हादरलो नाही. मी चिडलो. दिवसभर त्यांच्या घरात ठाण मांडून बसलो आणि चोर सापडला. सकाळी तिघंही घराबाहेर पडताना काका पंप बंद करत, आणि संध्याकाळी आल्या आल्या भिंतीवरचं तापमानाचं बटण पार टोकापर्यंत फिरवत, घड्याळाला चावी दिल्यासारखं. आयुष्यभर ज्याला हात लावला ते चाललं, त्यामुळे हात न लावता काही चालतं यावर त्यांचा विश्वासच नाही. आता फरशी तापायला अर्धा दिवस घेते. गार पडलेलं घर ताबडतोब तापव म्हटलं की पंपाला एकट्याने झेपत नाही, मग त्याच्या पोटातला अडीनडीचा विजेचा हीटर जागा होतो आणि तो वीज खातो शेगडीसारखीच. म्हणजे काकांनी एवढा खर्च करून जमिनीला सुट्टी दिली होती आणि शेगडीच वापरत होते. हे मी त्यांना समजावलं. पंप मंद ठेवा, दिवसरात्र चालू ठेवा, विसरून जा.

काका म्हणाले, "घरात कुणी नसताना घर तापवायचं? उंदरांसाठी?"

इथे मामा, माझा तोल गेला. मी म्हणालो, काका, उंदरांना तुमच्यापेक्षा लवकर कळलं असतं. पुढचं संभाषण थोडक्यात सांगतो: मी रस्त्यावर आणि माझी पिशवी माझ्यामागून. महिन्याअखेरीस पंप उपटून न्यायचा, असा निरोप मालकांकडे आला. मालक म्हणाले, पंपाच्या पाठोपाठ तूही जा.

तेव्हा ती मधे पडली. वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही एक महिना त्या बटणाला हात न लावता दाखवा. नाही जमायचं तुम्हाला." आणि दुकानाच्या पायरीवर मला म्हणाली, "आणि तू एक महिना आमच्या घरात आवाज न चढवता दाखव. तुला तर मुळीच नाही जमायचं." दोघांनाही एकदमच झोंबलं. पैज लागली.

तो महिना आम्ही दोघांनी कसा काढला, आमचं आम्हाला माहीत. मी दर दोन दिवसांनी पंप बघायला जायचो आणि काका मला मुद्दाम डिवचायचे. ("काय हो शास्त्रज्ञ, उंदीर बरे आहेत का?") मी दात आवळून म्हणायचो, बरे आहेत, काका. इकडे त्यांचे हात शिवशिवत. बटणासमोर येरझाऱ्या घालत, बोट पुढे जाई, मुलगी नुसती खाकरे, बोट मागे. शेवटी हातांना काम म्हणून त्यांनी दुकानातली वर्षानुवर्षं मेलेली, गिऱ्हाईकांनी टाकून दिलेली घड्याळं उघडली. महिन्याअखेरीस एकूण एक टिकटिकत होती. दुकानात बोललेलं ऐकू येईना.

दुसरं बिल आलं. गेल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. काकांनी ते उलटं करून मागे बघितलं, भिंगातून बघितलं, आणि म्हणाले, "मीटर बिघडलाय." वीज कंपनीचा माणूस आला, मीटर तपासून ठीक आहे म्हणाला. काकांनी बिलाची घडी घालून ती खिशात ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मी वापरला बरोबर." आता ते दुकानात येईल त्याला पंपावर व्याख्यान देतात: धूर नाही, राख नाही, शेगडीने कपडे जळायची भीती नाही, वर्षातून एकदा पाण्याच्या गाळणीची जाळी धुवायची आणि नळीतला दाब बघायचा, उन्हाळ्यात हीच फरशी गार ठेवते (उन्हाळा अजून यायचाय, पण काकांनी अनुभव सांगायला सुरुवात केली आहे). पंप राहिला, नोकरी राहिली, चहात साखर पडली.

तुमच्या गुडघ्यांनाही अशा फरशीने आराम पडेल, ही माझी खात्री. खर्चाचं घाबरू नका, काही वर्षांत भरून निघतो. तेवढी वर्षं तुम्ही जगालच.

तुमचा लाडका (असं मामी म्हणतात),
भाचा

ता. क. – पंपाचं एवढ्यासाठी लिहिलं, की तुम्हाला माणसं आधी कळावीत. येत्या रविवारी मामींना घेऊन इकडे या आणि माझ्यासाठी काकांकडे मागणी घाला. आमचे बाबा कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे वडीलधारे म्हणून तुम्हीच. काकांनी एकदा विचारलं होतं, कुठवर शिकलास? मी म्हणालो, उष्णतेपर्यंत. तुम्हीही तेच सांगा, खोटं नाही.

दुसरा ता. क. – त्यांच्या भिंतीवरच्या बटणाला हात लावू नका. तुमची सवय मला माहीत आहे.

तिसरा ता. क. – तिने अजून हो म्हटलेलं नाही. पण नाही तरी कुठे म्हटलंय? मी विचारलेलंच नाही, तर नाही म्हणेल कशी!

चौथा ता. क. (हे अक्षर त्याचं नाही) – मामा, नमस्कार. पाकीट चिकटवायला डिंक हवा म्हणून तो पत्र दुकानात घेऊन आला आणि नवीन पट्टा बघत उभा राहिला, तेवढ्यात मी वाचलं. रविवारी तुम्ही आणि मामी जरूर या. पण बाबांना विचारायच्या आधी याला मला विचारायला सांगा. दुकान बंद करताना मी एकटीच असते. काय उत्तर द्यायचं ते माझं ठरलंय, पण ते असं उभ्या उभ्या डिंकाच्या हाताने लिहिणार नाही. पट्टा मात्र आज विकत नाहीये. त्याला सांगितलं, संपले.